बिनतारी कार्डाचा धुरकरी

परभणीत ‘ड्रायव्हर’ म्हणजे आधी एसटीच्या स्टिअरिंगवर बसलेला माणूस, मग ट्रॅक्टर चालवणारा. रेल्वेने इंजिनाच्या ड्रायव्हरला ‘लोको पायलट’ असे नवे नाव दिले, तरी प्रवाशांच्या तोंडी तो ड्रायव्हरच राहिला. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत या शब्दाला आणखी एक धनी मिळाला, आणि तो माणूस नाही. जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाकले, पडदा उजळला, कळफलक चालू झाला, पण वायफाय काही दिसेना, की जाणकार सांगतो, ‘वायफायचा ड्रायव्हर नाही.’ बोलीत त्याचा ‘डायवर’ होतो.

शब्द ओळखीचा असल्यामुळे त्याचा अर्थ कुणी विचारत नाही. घोटाळा तिथेच होतो. एसटीचा ड्रायव्हर सबंध गाडी चालवतो. संगणकातला ड्रायव्हर संगणक चालवत नाही. तो एका सुट्या भागापुरता असतो. वायफायच्या कार्डाला एक ड्रायव्हर, ध्वनीच्या कार्डाला दुसरा, छपाई यंत्राला तिसरा. युनिक्सच्या घराण्यातल्या लिनक्स, फ्रीबीएसडी, नेटबीएसडी, ओपनबीएसडी अशा प्रणालींमध्ये मध्यवर्ती भागाला कर्नेल म्हणतात. कर्नेलला कार्डाकडून काम करून घ्यायचे असते, पण प्रत्येक कंपनीच्या कार्डाची तऱ्हा वेगळी. ती तऱ्हा जाणणारी, कर्नेल आणि कार्ड यांच्या मधली आज्ञावली म्हणजे ड्रायव्हर. एवढे समजावून सांगायला मराठीत कोणते शब्द आहेत, हे पाहू लागलो की लक्षात येते, या कार्डाभोवतीचे बहुतेक शब्द आपल्या घरात आधीच येऊन राहिलेले आहेत.

सुरुवात ‘बिनतारी’पासून करू. यातला ‘बिन’ संस्कृत ‘विना’च्या कुळातला. मराठीच्या स्वतःच्या वळणात तो शब्दाच्या मागे लागतो आणि ‘वीण’ होतो: तुजवीण, पाण्यावीण. पुढे लागणारा ‘बिन’ हिंदीशी झालेल्या सोयरिकीतून आला आणि पक्का रुजला: बिनचूक, बिनशर्त, बिनविरोध. जमिनीच्या कागदांतला ‘बिनशेती’ हा शब्द तर परभणी, मानवत, सेलूच्या आसपास प्लॉट घेणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. याच कागदांच्या जुन्या थरात आणखी एक ‘बिन’ भेटतो. मोडी दस्तांत ‘शहाजी बिन मालोजी’ असे लिहिलेले असते, तो अरबी ‘बिन’, म्हणजे मुलगा. एक ‘बिन’ नसणे सांगतो, दुसरा नाते सांगतो. उच्चार एक, कुळे दोन.

‘तार’ हा शब्दही असाच दुहेरी आहे. फारसीत ‘तार’ म्हणजे धागा; ‘सेहतार’ म्हणजे तीन तारांचे वाद्य, त्यावरून सतार. गाण्यातल्या तार सप्तकाची ‘तार’ मात्र संस्कृत, तिचा अर्थ उंच. इंग्रजी अमदानीत खांबांवरून धातूची तार गेली आणि तिच्यातून येणाऱ्या मजकुरालाही आपण तारच म्हटले. ‘तार आली’ एवढ्या दोन शब्दांनी घरात शांतता पसरायची. या तारेला तार नको, असे यंत्र निघाले तेव्हा इंग्रजीने ‘वायरलेस टेलिग्राफी’ म्हटले. १९३३ साली हिंदुस्थानात या विषयाचा कायदा झाला, त्याच्या नावातही हेच दोन शब्द आहेत. मराठीने ‘बिनतारी’ म्हटले. पोलिसांचा बिनतारी संदेश विभाग हे नाव त्याच काळाची खूण बाळगून आहे.

परभणीत या शब्दाला एक शेजारीही होता. १७ सप्टेंबर १९४८पर्यंत हा जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. दरबाराची आणि कचेरीची भाषा उर्दू. हैदराबादेत १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ निघाले आणि विज्ञान, वैद्यक, अभियांत्रिकी हे विषय उर्दूतून शिकवण्याचा प्रयोग तिथे झाला. त्यासाठी आधीच्याच वर्षी ‘दारुल तर्जुमा’ हे भाषांतरखाते सुरू झाले होते. उर्दूत वायरलेसला ‘लासिलकी’ म्हणतात. अरबी ‘ला’ म्हणजे नाही, ‘सिल्क’ म्हणजे धागा किंवा तार. हिंदीने फारसी ‘बे’ लावून ‘बेतार’ केले, बंगालीनेही तेच केले. बांगलादेशाच्या नभोवाणीचे नावच ‘बांगलादेश बेतार’ आहे. लासिलकी, बेतार, बिनतारी, वायरलेस: चारही शब्द एकाच साच्यातले. एक नकार, एक धागा. नवी गोष्ट आली तेव्हा प्रत्येक भाषेने तिला जुन्या गोष्टीच्या अभावाने ओळखले. पुढे १५ जुलै २०१३पासून भारतातली तारसेवा बंद झाली. जिला नाकारून नाव पडले ती तार गेली, आणि ‘बिनतारी’ मागे उरले.

आता ‘कार्ड’. टपालखात्याने हा शब्द आपल्या गावागावात नेला. ‘पोचल्यावर एक कार्ड टाक’ या वाक्यात कार्ड म्हणजे पोस्टकार्डच. ‘पाकीट’ही इंग्रजी ‘पॅकेट’मधून आले आणि टपालाच्या लिफाफ्यावर चिकटले. गंमत अशी की संगणकांच्या जाळ्यात माहिती जाते तीही पाकिटांतूनच. ब्रिटनच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेतले डोनाल्ड डेव्हिस यांनी १९६०च्या दशकात, मोठा संदेश लहान तुकडे करून पाठवण्याची कल्पना मांडताना त्या तुकड्यांसाठी ‘पॅकेट’ हे नाव निवडले. इतर भाषांतही सहज जाईल असा शब्द त्यांना हवा होता. मराठीपुरते सांगायचे तर तो शब्द इथे आधीच पोचलेला होता. प्रत्येक पाकिटावर पत्ता असतो. वायफाय कार्डाचा स्वतःचा कायमचा पत्ता ४८ बिटांचा, बारा चिन्हांत लिहिलेला; त्याचा पहिला अर्धा भाग कार्ड बनवणारी कंपनी सांगतो. ड्रायव्हर पाकीट कार्डाकडे सोपवतो, ते आणखी एका वेष्टनात घातले जाते आणि कार्ड ते हवेत सोडते. तार, कार्ड, पाकीट, पत्ता: ज्या पिढीने पोस्टाच्या खिडकीपाशी रांग लावली, तिच्या शब्दसंग्रहात बिनतारी जाळ्याची अर्धी परिभाषा तयार होती.

उरला तो मुख्य शब्द. ‘ड्रायव्हर’ला मराठीत ‘चालक’ म्हणतात, आणि काही भाषांतरांत संगणकातल्या ड्रायव्हरलाही ‘चालक’ केलेले दिसते. शब्द चुकीचा नाही, पण त्याने अर्थ उजळत नाही. एसटीच्या दारावरची पाटी तेवढी आठवते. इंग्रजी शब्दाच्या मुळाशी गेले तर वेगळेच चित्र दिसते. ‘ड्राइव्ह’ हे जुन्या इंग्रजीत ‘ड्रीफन’, जर्मनमध्ये ‘ट्रायबेन’. अर्थ: जनावरे पुढे घालून नेणे. त्याच धातूतून गुरांचा कळप या अर्थाचा ‘ड्रोव्ह’ आणि तो नेणारा ‘ड्रोव्हर’ हे शब्द झाले. ड्रायव्हर मूळचा गुरे हाकणारा. मग गाडीला जुंपलेली जनावरे हाकणारा, मग जनावरांशिवाय चालणारी गाडी हाकणारा. विजेच्या मंडलांतही, एका भागाला जोर देऊन कामाला लावणाऱ्या दुसऱ्या भागाला ‘ड्रायव्हर’ म्हणू लागले.

मराठी ‘हाकणे’ नेमके इथे भेटते, आणि इंग्रजीपेक्षा एक पाऊल पुढे जाते. प्राकृतात ‘हक्का’ म्हणजे आरोळी आणि ‘हक्कइ’ म्हणजे आरोळी देऊन हाकतो. ‘हाक’ आणि ‘हाकणे’ ही त्याच घरातली भावंडे, ‘हाकलणे’ही त्यांचेच. (अधिकार या अर्थाचा ‘हक्क’ अरबी, त्याचा इथे संबंध नाही.) म्हणजे मराठीत जनावर हाकायचे तर आधी त्याला हाक द्यावी लागते. जोर बैलाचा, शब्द माणसाचा. लाल कंधारी किंवा देवणी बैलजोडी कासरा न ओढता नुसत्या आवाजावर वळते, ती याच नात्यामुळे. आणि हाकेची दुसरी बाजू आपल्या वाक्प्रचारात आहेच: हाकेला ओ देणे.

वायफायचा ड्रायव्हर हेच करतो. कार्डात नोंदींचे छोटे कप्पे असतात. त्यांत ठराविक आकडे ठराविक क्रमाने लिहिले की कार्ड जागे होते, वाहिनी बदलते, पाकीट उचलते. हे आकडे म्हणजे कार्डाला दिलेल्या हाका. कार्डाने हवेतून काही टिपले की ते कर्नेलला एक खूण करते. कर्नेल हातातले काम क्षणभर थांबवून ड्रायव्हरला विचारतो, काय आले? या खुणेला इंग्रजीत ‘इंटरप्ट’ म्हणतात, लॅटिन मूळ पाहिले तर ‘मध्येच मोडणे’. परिभाषेत त्याला ‘व्यत्यय’ म्हणतात. कर्नेलच्या बाजूने पाहिले तर तो व्यत्यय खरा. कार्डाच्या बाजूने ती ‘ओ’ आहे, कधी हाकेला दिलेली, कधी आपणहून घातलेली. ओ आली नाही की ड्रायव्हर ठराविक वेळ वाट पाहतो, पुन्हा हाक देतो, आणि शेवटी कार्ड मुळापासून नव्याने सुरू करतो.

हाकण्याच्या आधी जुंपणे येते. नवे उपकरण सापडले की युनिक्स कुळातल्या प्रणाली आधी चाचपतात, हे कार्ड कुणाचे, ते कोणत्या ड्रायव्हरला ओळखीचे. मग जो ड्रायव्हर ‘हे माझे’ म्हणतो त्याला ते जोडून देतात. या जोडण्याला बीएसडीच्या आज्ञावल्यांत ‘अटॅच’ म्हणतात. मराठीत ‘जुंपणे’ इतका नेमका शब्द दुसरा नाही. संस्कृत ‘युज्’ला प्राकृतात ‘जुप्प’ असे रूप होते, त्याच्या शेजारी आपले ‘जुंपणे’ बसते. बैलाच्या मानेवरचे ‘जू’ संस्कृत ‘युग’वरून आले, आणि इंग्रजी ‘योक’ याच ‘युग’चा दूरदेशीचा सख्खा भाऊ आहे. इंग्रज शेतकऱ्याचे योक आणि गंगाखेडच्या शेतकऱ्याचे जू हा मुळात एकच शब्द.

जुवामागे, गाडीच्या तोंडाशी बसतो तो धुरकरी. ‘धुर्’ म्हणजे जू किंवा गाडीचा पुढचा भाग. ‘धुरंधर’ आणि ‘धुरीण’ हे शब्द आज आपण थोर माणसांना लावतो. मूळ अर्थ धुरेचा भार वाहणारा बैल. ‘धुरा सांभाळणे’ हा वाक्प्रचार तिथलाच. संगणकातल्या ड्रायव्हरची जागा मला या धुरकऱ्याच्या जागेसारखी दिसते. माल कुठे न्यायचा हे मालक ठरवतो, ओढणारा बैल, आणि मधे दोघांचीही भाषा कळणारा एक. ओपनबीएसडी आणि नेटबीएसडीत तर जाळ्याच्या जोडणीला नावही याच मधल्यावरून पडते. अथेरॉस कंपनीच्या कार्डांचा ड्रायव्हर ‘एटीएच’, म्हणून पहिली जोडणी ‘एटीएच-शून्य’. इंटेलच्या काही कार्डांची ‘आयडब्ल्यूएन-शून्य’. लिनक्समध्ये नाव कामावरून पडायचे, ‘डब्ल्यूलॅन-शून्य’, म्हणजे बिनतारी जाळे क्रमांक शून्य. एकीकडे हाकणाऱ्यावरून ओळख, दुसरीकडे कामावरून.

बैलाची भाषा माहीत नसेल तर? वायफायच्या इतिहासात हा प्रश्न फार तीव्र झाला. वायफाय ज्यावर उभे आहे त्या ८०२.११ मानकाची पहिली आवृत्ती १९९७ची. कार्डे स्वस्त झाली, घरोघर गेली, पण कोणत्या कप्प्यात कोणता आकडा लिहायचा ही माहिती बऱ्याच कंपन्या देत नसत. विंडोजचा ड्रायव्हर तयार मिळे. लिनक्स आणि बीएसडीवाल्यांच्या वाट्याला कुलूप. अथेरॉसच्या कार्डांसाठी निघालेल्या जुन्या ड्रायव्हरचा गाभा असाच बंद स्वरूपात येई: चालवा, पण आत पाहू नका. १९९५ साली थिओ डी राट यांनी सुरू केलेल्या ओपनबीएसडी प्रकल्पाने असे बंद तुकडे कर्नेलमध्ये घ्यायचे नाहीत असे ठरवले. तिथल्या राइक फ्लोटर यांनी कार्डाचे वागणे तपासून त्या गाभ्याचा खुला पर्याय लिहिला. मे २००५मध्ये आलेल्या ओपनबीएसडी ३.७ आवृत्तीत अथेरॉसचा ड्रायव्हर आला. २००८मध्ये मूळ बंद गाभाही खुला झाला. ब्रॉडकॉम कंपनीच्या कार्डांची कथा अशीच. एका गटाने बंद ड्रायव्हर तपासून कार्डाला दिल्या जाणाऱ्या हाका टिपल्या आणि त्यांचे वर्णन लिहिले; दुसऱ्या गटाने मूळ आज्ञावली न पाहता, फक्त त्या वर्णनावरून ड्रायव्हर रचला. तो जून २००६च्या लिनक्स २.६.१७मध्ये आला. कंपनीने स्वतःचा खुला ड्रायव्हर दिला तो सप्टेंबर २०१०मध्ये.

व्युत्पत्तीचे काम याहून फार वेगळे नाही. शब्द कसा वागतो, कुणासोबत बसतो, कोणत्या तोंडात कसा वाकतो, हे पाहत पाहत त्याचे न सांगितलेले कुळ काढायचे असते. म्हणून या मंडळींच्या चिकाटीबद्दल मला मनापासून आदर वाटतो. त्यांच्यामुळेच आज जुना, कुणी टाकून दिलेला लॅपटॉपही एखाद्या शाळेत जाळ्याला जोडता येतो.

‘धुरा’ शब्दाचा आणखी एक अर्थ इथे उपयोगी पडतो. वऱ्हाडात आणि मराठवाड्याच्या काही भागांत धुरा म्हणजे शेताचा बांध, दोन वावरांमधली हद्द. लहरींनाही हद्दी असतात. परभणीच्या आकाशवाणीची मध्यम लहर १३०५ किलोहर्ट्झची, म्हणजे सुमारे २३० मीटर लांबीची. वायफायची २.४ गिगाहर्ट्झची लहर जेमतेम साडेबारा सेंटीमीटर. दोघी त्याच आकाशातून जातात, पण कुणी कुठल्या पट्ट्यात आणि किती जोराने बोलायचे हे सरकार ठरवते. भारतात २४०० ते २४८३.५ मेगाहर्ट्झचा पट्टा कमी शक्तीच्या वापरासाठी परवान्याविना खुला झाला तो जानेवारी २००५च्या अधिसूचनेने. ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात तशी मोठी मोकळीक ऑक्टोबर २०१८मध्ये मिळाली. म्हणून बिनतारी कार्डाच्या ड्रायव्हरला देश विचारावा लागतो. भारताची खूण असलेली ‘आयएन’ ही दोन अक्षरे कळली की त्या देशाच्या नियमांत बसतील तेवढ्याच वाहिन्या तो कार्डाला उघडून देतो. धुरकऱ्याने धुरा ओलांडायचा नसतो.

काही शब्द थोडक्यात. ‘कर्नेल’ हा इंग्रजी ‘कॉर्न’चा, म्हणजे धान्याचा लघुरूप शब्द: छोटा दाणा, कवचाच्या आतला गर. मराठीत तो ‘कर्नल’ असाही लिहितात आणि वाचणाऱ्याला फौजेतला अधिकारी आठवतो. ‘परभणी मोती’, ‘परभणी शक्ती’ असे ज्वारीचे वाण ज्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या नावावर आहेत, त्याच्या गावात कर्नेलचा दाणा वेगळा समजावून सांगायला नको. ‘फर्मवेअर’ हा शब्द अ‍ॅशर ऑप्लर यांनी १९६७ साली वापरात आणला. कठीण ‘हार्डवेअर’ आणि मऊ ‘सॉफ्टवेअर’ यांच्या मधले ते ‘फर्म’, म्हणजे घट्ट. कार्डाच्या आत चालणारी ही आज्ञावली अनेक वायफाय कार्डांना सुरू होताना ड्रायव्हरकडून मिळावी लागते, नाहीतर कार्डे मुकी राहतात. आणि ‘वायफाय’ला कुळच नाही. १९९९मध्ये इंटरब्रँड या नावे घडवणाऱ्या कंपनीने ‘हायफाय’च्या चालीवर ते रचले, ‘वायरलेस फिडेलिटी’ हा विस्तार मागाहून चिकटला.

इतके शब्द तपासल्यावर मला एक गोष्ट ठामपणे म्हणावीशी वाटते. नवी नामे घ्यायला मराठी कधी कचरली नाही, आणि मराठवाड्याची मराठी तर मुळीच नाही. दरबारी कचेरीतून अर्ज आला, दस्त आला; टपालातून कार्ड आले, पाकीट आले. पण क्रियापदे आपण आपली ठेवली. अर्ज ‘केला’, दस्त ‘नोंदवला’, कार्ड ‘टाकले’, पाकीट ‘फोडले’. नाम परके राहिले तरी क्रियापद घरचे असल्यामुळे ती वस्तू आपल्या हाताला लागली. संगणकाच्या बाबतीत मात्र आपण उलटे करतो. ‘ड्रायव्हर’ला ‘चालक’ म्हणायचे की नाही यावर वेळ घालवतो, आणि तो काय करतो हे सांगताना ‘अटॅच होतो’, ‘रिस्पॉन्ड करतो’, ‘इंटरप्ट देतो’ म्हणून मोकळे होतो. विद्यार्थ्याच्या हाती दोन्हीकडून परके शब्द येतात आणि समज मधेच राहते.

जिंतूर, पाथरी किंवा पूर्णेच्या एखाद्या वर्गात संगणक शिकवणाऱ्यांना म्हणूनच सांगावेसे वाटते: ‘ड्रायव्हर’ हे नाम तसेच राहू द्या, कार्ड आणि पाकीटही राहू द्या. क्रियापदे बदला. कर्नेल कार्डाला ड्रायव्हरशी जुंपतो. ड्रायव्हर कार्डाला हाक देऊन हाकतो. कार्ड ओ देते. दोघेही देशाचा धुरा पाळतात. वायफाय बंद पडले की मग विद्यार्थ्याला तीन प्रश्न स्वतःला विचारता येतील. कार्ड जुंपले गेले आहे का? हाक त्याच्या भाषेतली आहे का? आणि ते ओ देते आहे का? दोष कुठे आहे, हे या तीन प्रश्नांतून बहुतेक वेळा त्याचे त्यालाच सापडेल.